पूररेषा आणि उंच जोते : कोल्हापूरच्या संदर्भात

जोते (घराचा चौथरा) उंच घेतल्यावर पूररेषेतील बांधकामाला हरकत नसावी, हा आपला मुद्दा मला अपुरा वाटतो. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, या दोहोंमधील पट्ट्यात लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर उंच बांधकामास नियमानुसार परवानगी मिळू शकते, हे खरे आहे. परंतु ती उंची गाठण्यासाठी जो मुरमाचा भराव टाकला जातो, तो पाण्याची जागा व्यापतो आणि तेवढे पाणी शेजारच्या जुन्या, सखल घरांत शिरते.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, ते पुन्हा तितकेच चढले. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मी त्या वेळी पाहिलेल्या एका घरात गाळाची रेघ खिडकीच्या वरच्या चौकटीला टेकली होती आणि रंगवायला ठेवलेल्या गणेशमूर्तींचा चिखल झाला होता. त्या कुटुंबाने कोणताही नियम मोडला नव्हता.

बांधकामावर निर्बंध आले की जमीनमालकांचे नुकसान होते, हे मी नाकारत नाही. त्यांना योग्य मोबदला मिळालाच पाहिजे. मात्र भरावावर सक्त बंदी हवी आणि भूखंड कोणत्या रेषेत येतो, याची नोंद सातबाऱ्यावर व मिळकत पत्रिकेवर ठळकपणे हवी, म्हणजे घेणाऱ्याला व्यवहाराआधीच ते कळेल.