गौरी-गणपतीनंतर वाढलेले तीन किलो आणि तथाकथित ‘शिस्तीचा अभाव’

काठावरची

‘केटोवर वजन अडले किंवा परत वाढले, तर आहाराला दोष देऊ नका, तुम्ही कुठेतरी चोरून खाल्लेले आहे. काटा खोटे बोलत नाही, माणसे बोलतात.’ केटो, म्हणजे कर्बोदके जवळजवळ बंद करून चरबीवर भर देणारा आहार, शिकवणाऱ्या एका प्रशिक्षकांचे हे टिपण गौरीविसर्जनानंतर माझ्या काही मैत्रिणींनी मला पाठवले आणि प्रत्येकीने सोबत स्वतःच्या अपराधाची कबुलीही जोडली. दोन दिवस मोदक आणि पुरणपोळी खाल्ली, काट्यावर तीन किलो वाढले, आता सगळे मुसळ केरात गेले, असा एकंदर सूर होता. त्या टिपणाला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

यकृत आणि स्नायू मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. कर्बोदके दिवसाला २०-३० ग्रॅमवर आणली की हा साठा उतरतो, इन्शुलिन घटल्यामुळे मूत्रपिंडे मीठही अधिक बाहेर टाकतात, आणि पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो वजन कमी झालेले दिसते. त्या आठवड्याच्या आकड्याचे छायाचित्र हेच प्रशिक्षक ‘आमच्या पद्धतीचा परिणाम’ म्हणून मिरवतात. तेच पाणी सणाच्या दोन दिवसांत परत आले की मात्र तो तुमचा चोरटेपणा ठरतो. तीन किलो चरबी साठण्यासाठी गरजेपेक्षा २३,००० कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. मोदक कितीही मनापासून खाल्ले तरी दोन दिवसांत ते कोणाच्या आवाक्यातले काम नाही. उतरताना पाणी ही यांची कर्तबगारी आणि चढताना आमचे पाप, हा न्याय मला मान्य नाही.

रोखठोक

आपले गणित बरोबर आहे आणि तरीही त्याचा उपयोग शून्य आहे, कारण बहुतेक लोकांचे वजन गौरीच्या दोन दिवसांत अडत नाही, ते उरलेल्या वर्षात अडते. माझ्या मावसबहिणीने ‘मी काटेकोर केटो करते’ असे घरभर सांगितले होते. एक दिवस मी तिच्या स्वयंपाकघरात बसून पाहिले. काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचा कूट, भेंडीत कूट, वांग्यात कूट, आणि हे सगळे मोजण्याचे माप म्हणजे तिची मूठ. अशा दोन मुठी झाल्या की साठ ग्रॅम दाणे आणि साडेतीनशेच्या आसपास कॅलरी होतात, पण त्या तिच्या हिशेबात कुठेच नव्हत्या. भाजीत ‘गूळ नुसता चवीपुरता’ आणि चहात साखर ‘अगदी अर्धा चमचा’, तोही दिवसातून चार वेळा. तिला मी चोर म्हणत नाही. पण ती जे करत होती त्याला काटेकोरही म्हणवत नाही.

शिवाय आपल्याकडे सण एकच आहे का? श्रावणी शुक्रवार, गणपती, नवरात्राचा साबुदाणा, कोजागरीचे आटवलेले दूध, दिवाळी, मार्गशीर्षातले गुरुवार. प्रत्येक वेळी ‘हे फक्त पाणी आहे’ म्हणत राहिलात, तर त्या पाण्याखाली चरबी कधी साठली ते कळणारही नाही.

काठावरची

रोखठोकराव, मावसबहिणीच्या मुठीचे मोजमाप आपण इतक्या आत्मीयतेने केलेत, त्याबद्दल तिच्या वतीने आभार. आपला मुद्दा कॅलरीचा आहे आणि तो मला मान्यच आहे. ते प्रशिक्षक मात्र ‘केटोमध्ये कॅलरी मोजाव्याच लागत नाहीत’ असे सांगून पैसे घेतात. सकाळी कॉफीत दोन चमचे तूप घालायला तेच सांगतात आणि पुढे वजन अडले की तुपाबद्दल चकार शब्द न काढता माणसाच्या नियतीवर घसरतात. वजन दहा किलोंनी उतरल्यावर शरीराची रोजची गरजही घटते, म्हणजे ज्या ताटावर सुरुवातीला वजन उतरत होते, त्याच ताटावर पुढे ते थांबते. यात चोरी कोणी केली?

मंगळवेढेकर

मंडळी, हा सगळा खटाटोप कशासाठी चालला आहे, तेच मला समजत नाही. आमच्या घरात चार पिढ्या ज्वारीच्या भाकरीवर वाढल्या आणि माझ्या आजोबांचे पोट अखेरपर्यंत सपाट होते. भाकरीत कर्बोदके कमी आणि चोथा जास्त असतो, हे लहान मूलही सांगेल. चपाती सोडा, भाकरी धरा. केटोही नको आणि तुपाची कॉफीही नको. आमच्या मंगळवेढ्याच्या शाळूला, म्हणजे रब्बी ज्वारीला, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते काही उगाच नव्हे.

वजनकाटा

मानांकन ज्वारीच्या वाणाला आणि मातीला मिळाले आहे, सपाट पोटाला नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके आणि १० ग्रॅम चोथा असतो. गव्हाच्या कणकेत हेच आकडे सुमारे ६४ आणि ११ आहेत. म्हणजे दोन्ही बाबतींत आपली भाकरी कणकेपेक्षा तसूभर मागेच आहे. त्यातून फुलक्याला २५-३० ग्रॅम कणीक लागते आणि भाकरीला सहज ७०-८० ग्रॅम पीठ. ‘मी फक्त एकच भाकरी खातो’ असे सांगणारा माणूस कर्बोदकांच्या हिशेबात जवळजवळ तीन फुलके खात असतो. केटोवरच्या माणसाचा दिवसाचा कोटा त्या एका भाकरीतच संपतो.

मंगळवेढेकर

तक्ते पाहून जेवणारी माणसे मी पुण्यात पुष्कळ पाहिली आहेत. भाकरी चावून खावी लागते, ती पोटात टिकते, आणि तीन फुलके खाणारा माणूस तिसऱ्यावर थांबत नाही, हे कोणत्या तक्त्यात लिहिले आहे? आणि एक सांगतो, तुमच्या शहरातली हॉटेले ‘गावरान’ अशी पाटी लावून बशीएवढ्या, कडेला कच्च्या राहिलेल्या भाकरीचे चाळीस रुपये घेतात आणि तुम्ही रांगेत उभे राहून ते देता. ज्वारी पिकवणाऱ्याला त्यातले किती मिळतात, याचाही एखादा तक्ता काढावा.

वजनकाटा

ज्वारीच्या भावावर स्वतंत्र चर्चा व्हावी, मी तिथे आपल्या बाजूने बोलेन. इथे प्रश्न वजनाचा आहे. आपले आजोबा शेतात दिवसभर राबत होते. त्यांनी चपाती खाल्ली असती तरी पोट सपाटच राहिले असते.

मंगळवेढेकर

माझ्या आजोबांना मध्ये आणण्याचे कारण नव्हते.

वजनकाटा

त्यांना आपणच आणलेत.

हडसनपार

भाकरीचा वाद वाचून न्यू जर्सीत बसल्या बसल्या भूक लागली, ते असो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने २०१८ मध्ये ६०९ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्यांना कमी कर्बोदकांचा आणि अर्ध्यांना कमी चरबीचा आहार वर्षभर दिला होता. सरासरी घट एका गटात ६ किलो आणि दुसऱ्यात ५.३ किलो भरली, म्हणजे नाव घेण्यासारखा फरक निघाला नाही. मला लक्षणीय वाटते ते वेगळेच: दोन्ही गटांत काहींचे वजन भरघोस उतरले आणि काहींचे चक्क वाढले. कमी कर्बोदकांच्या गटाने सुरुवात २० ग्रॅमपासून केली होती, पण वर्षाअखेरीस सरासरी पुन्हा १०० ग्रॅमच्या वर गेली होती, आणि ही सगळी स्वेच्छेने आलेली, नियमित मार्गदर्शन मिळणारी माणसे होती. इतक्या जणांना जे जमत नाही, त्याला एकेकाचा शिस्तीचा अभाव म्हणणे म्हणजे नाचता येईना अंगण वाकडे, फक्त उलट दिशेने.

रोखठोक

सरासरीने कोणाचे वजन उतरत नाही. माझे केटोवरच उतरले आणि अजून टिकून आहे. अभ्यासकांनी मलाही विचारायला हवे होते.

हडसनपार

ज्यांचे टिकले नाही ते असे छाती ठोकून लिहायला येत नाहीत, एवढाच याचा अर्थ होतो.

रात्रपाळी

मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि भाकरीवर इतका मजकूर खर्च झालेला पाहून मला राहवले नाही. माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे आणि ते डापाग्लिफ्लोझिनची, म्हणजे लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी, गोळी घेत होते. वजन अडले म्हणून त्यांच्या प्रशिक्षकाने कर्बोदके आणखी खाली आणायला सांगितली. त्यांना मळमळ सुरू झाली, उलट्या झाल्या, श्वास जोराने चालू लागला. प्रशिक्षकाचा निरोप आला, ‘हा केटो फ्लू आहे, म्हणजे कर्बोदके तोडल्यावरचा तात्पुरता त्रास, मीठ-लिंबूपाणी घ्या, मन खंबीर ठेवा.’ घरच्या यंत्रावर साखर फारशी वाढलेली दिसत नव्हती, त्यामुळे घरातले सगळे निर्धास्त होते. मी पाळी संपवून घरी आले, त्यांचा श्वास पाहिला आणि त्यांना तसेच अतिदक्षता विभागात नेले. या वर्गातल्या गोळ्यांवर साखर बेताची असतानाही रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारी द्रव्ये) आणि आम्ल साचू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्येच दिलेला आहे.

हा केटो आहार १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉक्टर रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला होता. तो उपचार होता आणि आजही अपस्मारासाठी तो वैद्यकीय देखरेखीखालीच दिला जातो. मोबाइलवर ‘आज काय चोरून खाल्लेत’ असे विचारणे म्हणजे देखरेख नव्हे. वजन अडले असे रुग्णाने सांगितल्यावर पहिला प्रश्न ‘गोळ्या कोणत्या चालू आहेत’ हा यायला हवा. तो त्या माणसाने सासऱ्यांना एकदाही विचारला नव्हता.

रोखठोक

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये, हे मला मान्य आहे, आणि ज्या प्रशिक्षकाने तसे केले त्याची बाजू मी घेणार नाही. पण त्यावरून धडधाकट माणसाला कूट मोजायला सांगणे अन्यायाचे ठरत नाही. काठावरचीताईंचे ‘पाण्याचे’ तीन किलो आठवड्यात उतरले का, तेवढे त्यांनी सांगावे.

काठावरची

ते किलो माझे नव्हते, मैत्रिणींचे होते; माझा मजकूर वाचल्याशिवाय उत्तर देण्याची आपली शिस्त वाखाणण्यासारखी आहे. एकीचे उतरले. दुसरीने लाजून काटाच माळ्यावर टाकला आणि आहारही सोडला. कूट जरूर मोजावा, पण ज्याला चोर ठरवले तो मोजायला थांबत नाही, हे माझे म्हणणे आहे.

मंगळवेढेकर

आमच्या घरी काल भाकरीचे कोरडे पीठ काट्यावर ठेवण्यात आले. एका भाकरीचे ८० ग्रॅम भरले. वजनकाटा यांचा आकडा मान्य, निष्कर्ष अमान्य.

वजनकाटा

म्हणजे एका भाकरीत ५४ ग्रॅम कर्बोदके झाली. आपण जेवणात किती भाकरी घेता?

मंगळवेढेकर

तो प्रश्न आपण प्रशिक्षकांच्या सुरात विचारलात, म्हणून उत्तर देणार नाही. सोबतच्या शेंगाचटणीचे वजन करू नये, अशी सूचना घरात आधीच दिलेली आहे.