'मॉन्युमाँ ओ मॉर'ला मराठीत काय म्हणायचं?

पानगळ: फ्रान्सवरचा एक लेख मराठीत करतेय. पहिल्या महायुद्धानंतर तिकडे जवळपास गावोगाव हे उभारलं, चर्चसमोर नाहीतर नगरपालिकेसमोर, आणि त्यावर गावातल्या मेलेल्या पोरांची नावं. संपादक म्हणतात 'हुतात्मा स्मारक' करा. मला पटत नाहीये.

टाकबोरू: अजिबात नको! हुतात्मा म्हणजे जाणूनबुजून स्वतःला झोकून दिलेला माणूस. तिकडे सक्तीची भरती होती, 13 लाखांहून जास्त मेले, शेतकऱ्याच्या पोराला कोण विचारत होतं. मूळ शब्दात वीर नाही, विजय नाही, नुसतं 'मेलेल्यांना'. जाँत्यू गावचं 1922चं स्मारक बघा, पोरका मुलगा मूठ उगारून उभाय आणि त्यावर कोरलंय 'युद्धाला शाप लागो'. याला हुतात्मा स्मारक म्हणणार?

पानगळ: वीरगळ चालेल? आमच्या गावात देवळामागे आहेत तीन-चार, म्हणून सुचलं.

टाकबोरू: नाही हो, वीरगळावर लढाईचं चित्र असतं, नाव सहसा नसतंच. तिकडे सगळा भर नावावर.

जुनाबाजार: हुतात्म्याच्या जवळपासचं त्यांच्याकडे आहे पण ते सरकारी. 'मॉर पूर ला फ्राँस', फ्रान्ससाठी मृत. 1915च्या कायद्याने मृत्यूच्या नोंदीवर तसा शेरा मारायला लागले. 'शेरा' शब्द कारकुनी वाटेल पण प्रकरणच कारकुनी आहे, हुकूम मोडला म्हणून आपल्याच सैन्याने ज्यांना गोळ्या घातल्या त्यांना तो सहसा मिळाला नाही, आणि कवी अपॉलिनेर 9 नोव्हेंबर 1918ला फ्लूने गेला तरी त्याला मिळाला. पॅरिसच्या पाँतेओंमध्ये, म्हणजे थोरामोठ्यांच्या राष्ट्रीय समाधीस्थळात, त्या युद्धात गेलेल्या 560 लेखकांची नावं कोरलीयत, त्यात तोही आहे.

सा_रे_ग: थोडं अवांतर, पण 'तोंबो' शब्द घ्याच चर्चेला. अर्थ थडगं, पण गेलेल्या माणसासाठी रचलेली कविता किंवा संगीत यालाही तोंबोच म्हणतात. फ्रेंच कवी मालार्मेने अमेरिकन लेखक एडगर अॅलन पोसाठी अशी कविता लिहिली. संगीतकार राव्हेलने 1914 ते 17 मध्ये पियानोसाठी 'कूपरँचा तोंबो' केला, नाव जुन्या संगीतकाराचं पण त्यातला एकेक भाग युद्धात गेलेल्या ओळखीच्यांना वाहिलेला, आणि ऐकायला चक्क नाचाची लय! म्हणून 'विलापिका' बसत नाही, त्यात रडणं आलं. मी 'शब्दसमाधी' म्हणेन पण संगीताला तेही नाही चालत.

जुनाबाजार: 'शब्दसमाधी' फार गोड झालं, अग्रलेखात शोभेल. तोंबोच ठेवा.

पानगळ: मग माझ्या लेखात 'मृतांचं स्मारक' करते. का 'मेलेल्यांचं'?

टाकबोरू: 'मृतांचं'. 'मेलेल्यांचं' ऐकलं की लोकांना स्मशान आठवतं, इथे तर खाली कोणी पुरलेलंच नसतं, बरेच जण तिकडे रणांगणाकडेच राहिले. पहिल्यांदा 'मृतांचं स्मारक' लिहा, पुढे नुसतं 'स्मारक', आणि संपादकांना जाँत्यूचा फोटो पाठवा.