पंखांच्या पोशाखात नर्तिकेचे हात वर जात नाहीत, काय करावे?

गिरकी: आमच्या नृत्यनाटिकेतील मुख्य नर्तिका पक्ष्याच्या रूपात रंगमंचावर येते. तिच्यासाठी मणी आणि टिकल्यांनी भरलेली घट्ट चोळी, नेटचा थरांचा घेर आणि खांद्यांवर बसवलेले मोठे हिरवे पंख असा पोशाख तयार झाला आहे. मात्र तिने हात डोक्यावर नेले की चोळी कमरेपासून वर सरकते आणि गिरकी थांबवल्यावरही पंख तिला पुढे ओढत राहतात. मुंढा, म्हणजे बाही जोडण्यासाठी चोळीला दिलेला गोल काप, आणखी खोल करावा, असे शिंपीकाका म्हणतात. ते योग्य ठरेल का?

कच्चा टाका: मुंढा कृपया खोल कापू नका. तो जितका खाली जाईल तितकी बाही दंडाला कमी आणि चोळीच्या कुशीला अधिक जोडली जाते, त्यामुळे हात उचलताच सगळी चोळी त्याच्याबरोबर वर येते. मुंढा बगलेच्या जवळ, उंच ठेवावा आणि बगलेत उरेब (तिरक्या कापलेल्या) कापडाचा चौबगला, म्हणजे हालचालीला जागा देणारा जोडतुकडा, घालावा. तिथे ताणले जाणारे कापड वापरले तर आणखी उत्तम. हे सर्व आधी मांजरपाटाच्या नमुन्यावर, केवळ कच्चे टाके घालून तपासावे. मापे घेताना नर्तिका हात खाली सोडून स्थिर उभी असते आणि निम्मी अडचण तिथूनच सुरू होते. नमुना अंगावर असताना तिला नृत्यातील सर्वांत ताणाच्या हालचाली करायला सांगाव्यात आणि कापड जिथे ओढले जाईल तिथे खडूने खूण करावी.

रंगपट: चोळी सुधारली तरी पंखांचा प्रश्न उरतोच. वजन शरीराच्या मध्यापासून जितके दूर, तितके गिरकी सुरू करणे आणि थांबवणे कठीण होते. म्हणून पंखांच्या टोकांकडचे मणी प्रथम काढावेत. मागच्या रांगेतून ते वेगळे दिसतही नाहीत, तिथवर पोहोचते ती केवळ चमक आणि ती रंगवलेल्या हलक्या कापडातूनही मिळते. पंखांचा भार खांद्यांवर न ठेवता चोळीच्या आतून बांधलेल्या रुंद कंबरपट्ट्यावर घ्यावा. लोई फुलर या नर्तिकेने तर १८९४ साली नर्तकीच्या ज्या वस्त्राचे पेटंट घेतले, त्यात मणी वगैरे काहीच नव्हते. कापडात हलक्या काठ्या होत्या आणि त्या हातात धरून ती कापड हवेत खेळवीत असे. असे पंख नर्तिकेला आवरावे लागत नाहीत, ती ते स्वतः हलवते.

तिसरी घंटा: पोशाखाने हालचाल अडवणे हा दोषच असतो, असे मी मानत नाही. जर्मन कलाकार ऑस्कर श्लेमर यांच्या १९२२ सालच्या ‘त्रिआदिक बॅले’त अठरा पोशाख होते आणि त्यांच्या अवजड, भौमितिक आकारांतूनच नर्तकांच्या हालचाली ठरल्या. पोशाख इतका देखणा असेल, तर नृत्यरचनाच थोडी बदलून पाहावी.

रंगपट: तिथे पोशाख हाच रचनेचा आरंभबिंदू होता. इथे नृत्य बसवून झाल्यावर पोशाख आला आहे, त्यामुळे माघार पोशाखानेच घ्यावी.

गिरकी: सर्वांचे आभार. चौबगला आणि कंबरपट्टा दोन्ही करून घेते. आणखी एक शंका आहे. शेवटच्या प्रवेशात पूर्ण लाल प्रकाश आहे. त्यात हे पंख कसे दिसतील?

कच्चा टाका: जवळजवळ काळे. हिरवा रंग लाल प्रकाश फारसा परावर्तित करत नाही. प्रकाशयोजनाकारांना थोडा पिवळसर प्रकाश मिसळायला सांगावे किंवा पंखांच्या आतल्या बाजूला सोनेरी कापड लावावे, म्हणजे पंख उघडताच ते उजळेल. रंगीत तालमीपूर्वी कापडाचा तुकडा त्याच दिव्याखाली धरून पाहावा. आणि चोळीचे अस्तर टिचबटणांनी सुटे होईल असे ठेवावे. टिकल्यांची चोळी प्रत्येक प्रयोगानंतर धुता येत नाही, अस्तर मात्र धुता येते.