जुनी इटालियन सायकल फ्रेम, ७० मिमी शेल: उजवा बीबी (बॉटम ब्रॅकेट) कप पुन्हा पुन्हा सैल होतो, आणि चढासाठी गिअर कुठला?

लोखंडी_चाक:
सत्तरच्या दशकाच्या अखेरची इटालियन फ्रेम जोडतोय. कोलंबस एसएल नळ्या, मागच्या चाकासाठीचं अंतर १२६ मिमी, बीबी (क्रँकचा आस फिरतो तो बेअरिंगचा संच) बसतो तो शेल, म्हणजे फ्रेमच्या तळाची आडवी नळी, ७० मिमी. क्रँक (पेडलचे दांडे आणि पुढच्या चकत्या) कॅम्पाग्नोलो नुओवो रेकॉर्ड, ५२/४२ दातांची. मागचा डिरेलरही (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा) त्याच संचातला. फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) सहा चकत्यांचं, १३ ते २६ दातांचं.

१) उजवा कप (बेअरिंगचे छर्रे बसतात ती आट्यांची वाटी) आवळला तरी थोडं चालवल्यावर सैल होतो. नवा कप घ्यावा का?
२) एरोइका या इटलीतल्या जुन्या सायकलींच्या राइडला, तिथल्या पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर न्यायची आहे. चढाला ४२–२६ (पुढे ४२, मागे २६ दात) पुरेल, की मागे २८ बसवू?

छर्रे_आणि_ग्रीस:
कप बदलू नका, नवाही तसाच सुटेल. इंग्लिश बीबीत उजव्या कपाला उलटे आटे असतात. इटालियनमध्ये (३६ मिमी, इंचाला २४ आटे) दोन्हीकडे सुलटे. पेडल मारताना छर्रे कपावर दाबून फिरतात आणि कपाला स्पिंडलच्या (क्रँकच्या आसाच्या) विरुद्ध दिशेने कणाकणाने ढकलतात. उजवीकडे हीच सुलटा आटा सुटण्याची दिशा. डावीकडे तोच जोर कप आवळतो, शिवाय तिथे लॉकरिंग (कप जागी धरणारी कडी) असते.

म्हणून उजवा कप नुसता घट्ट वाटून चालत नाही, साधारण ७० न्यूटन-मीटरने आवळावा लागतो. कप काढा (घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो), शेलचे आणि कपाचे आटे ब्रशने घासा, ॲसिटोनने पुसून पूर्ण कोरडे करा. जुनं ग्रीस किंवा रंगाचा पापुद्रा राहिला तर पुढची मेहनत वाया. मग निळं लॉकटाइट (आटे सुटू न देणारा चिकट द्रव), २४२ किंवा २४३. इतर सगळ्या आट्यांना मी ग्रीसच सांगेन, पण या एका कपाला नाही.

पाना निसटतो ही खरी अडचण, कारण कपाच्या सपाट कडा अगदी अरुंद असतात. शेलमधून लांब बोल्ट घालून मोठ्या वॉशर-नटने पाना कपावर दाबून धरा आणि मग जोर लावा. २४ तास तसंच राहू द्या.

छर्रे १/४ इंची, प्रत्येक बाजूला सुटे ११. डावा कप बसवताना पिन-पान्याने कप धरूनच लॉकरिंग आवळा, नाहीतर कपही सोबत फिरतो आणि लावलेलं माप जातं. क्रँक बसवून टोकाला धरून हलवा: खडखड नको, फिरवताना खरखरही नको.

तिरपा_टेपर:
वरच्याशी सहमत. कंटाळून कार्ट्रिज (बंद, आयता जोडलेला) बीबी घ्यायचा विचार आला तर स्पिंडलचा टेपर (टोकाचा निमुळता उतार) बघा. आयएसओ आणि जेआयएस अशी दोन मापं असतात, ही क्रँक आयएसओ टेपरची आहे. जेआयएस स्पिंडलचं टोक जाड असतं, त्यामुळे क्रँक चार-साडेचार मिमी बाहेरच अडकते, चेनलाइन (पुढच्या-मागच्या चकत्यांची सरळ रेषा) बिघडते आणि पकड अपुरी राहते. कार्ट्रिजलाही आटे तेच, तेव्हा उजवी बाजू तितकीच आवळावी लागेल.

क्रँक उतरवली आहेच तर ती स्वच्छ पुसून भिंगाखाली तपासा. स्पायडरचे (पुढच्या चकत्या धरणारे) हात जिथे क्रँकला मिळतात तो कोपरा आणि पेडलचं भोक, या दोन जागी तडा जातो. केसाएवढी रेघ जरी दिसली तरी ती क्रँक वापरू नका. उभं राहून जोर लावताना ती तुटली तर थेट रस्त्यावर आपटाल. काढताना २२ मिमीचा एक्स्ट्रॅक्टर (क्रँक ओढून काढणारं हत्यार) शेवटपर्यंत आत फिरवा, नाहीतर ॲल्युमिनियमचे आटे ओरबाडून निघतात.

कच्चा_रस्ता:
गिअरबद्दल. ७०० मापाच्या चाकावर ४२–२६ म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ३.४ मीटर पुढे जाते. २८ लावलं तर ३.१५. फरक जाणवतो, पण एरोइकाच्या वाटेवरच्या किआंती भागातल्या सुट्या खडीच्या चढावर तोही जडच. तिथे उभं राहिलात की मागचं चाक घसरतं, म्हणून बसून फिरवता येईल असा गिअर हवा.

डिरेलरची ठरवलेली मर्यादा २६ दात. २८ पुष्कळदा चालतं: ड्रॉपआउटमध्ये (चाकाचा आस बसतो त्या खाचेत) चाक थोडं मागे ओढा, चेन पुढच्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर ताणून बेता, डिरेलरची वरची जॉकी चकती २८ ला घासत नाही ना ते पाहा. पुढे मात्र वाव नाही, या क्रँकच्या १४४ बीसीडीवर (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, मिमीत) ४१ दातांपेक्षा लहान चेनरिंग (पुढची चकती) बसतच नाही. माझं मत विचाराल तर त्या काळातलीच लहान बीसीडीची क्रँक शोधा. ३६–२८ वर २.७ मीटर मिळतात. स्पिंडलची लांबी तेव्हा पुन्हा मोजावी लागेल.

फ्रीव्हील बदलताना हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) आटे बघा. इटालियन (३५ मिमी) आणि इंग्लिश (१.३७ इंच) एकमेकांवर चढतात, पण एकदा अदलाबदल केली की परत मूळ मापावर जाऊ नका, हब ॲल्युमिनियमचं असतं. फ्रेंच आट्यांचं तर चढवूच नका.

एरोइकाला १९८७ च्या आधीची सायकल, गिअरचे दांडे खालच्या नळीवर, टो-क्लिप (पेडलवर पाय धरणारे पिंजरे) आणि हँडलबाहेरून जाणाऱ्या ब्रेकच्या केबल लागतात. टायर ब्रेकच्या पुलाखाली (ब्रेक बसतो त्या फ्रेमच्या आडव्या दांड्याखाली) मावेल तितका रुंद घ्या, चिखलासाठी वर चार मिमी मोकळे ठेवून.

लोखंडी_चाक:
आटे शाबूत आहेत. लॉकटाइट लावल्यावर कप पुढे निघेल ना?

छर्रे_आणि_ग्रीस:
निळं निघतं, त्याच बोल्ट-वॉशरच्या युक्तीने. लाल लावू नका, ते सोडवायला उष्णता द्यावी लागते आणि रंग जळतो. शेलचे आटे जपा, कारण ३६ मिमीच्या पुढे या शेलमध्ये पाडता येईल असं मोठं प्रमाणित माप नाही. बिघडले तर बिनआट्याचं कार्ट्रिज हाच सोपा मार्ग उरतो.