मदत हवी आहे: जुन्या प्रोजेक्टची मांडणी एआय असिस्टंटला समजेल अशी कशी करायची?

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. कळमना बाजारातल्या संत्रा अडत्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे आमचं, सर्व्हरला जँगो न स्क्रीनला रिअ‍ॅक्ट, टीम तिघांची, कोड सहा वर्षं जुना. चार महिन्यांपासून एआय कोडिंग असिस्टंट वापरून राहिलो, नवीन स्क्रीन वगैरे मस्त बनवून देतो. पण हिशोबाच्या कोडला हात लावला की घोळ होतो.

मागच्या महिन्यात शेतकऱ्याच्या पट्टीत (माल विकल्यावर त्याला मिळणाऱ्या हिशोबाच्या कागदात) हमालीचा नवा रेट टाकायचा होता, एवढंच काम. रक्कम राउंड करायचं फंक्शन आमच्याकडे आधीपासून आहे, पण त्याचं नाव 'आर२' न ते ४२०० ओळींच्या बिलिंग फाइलमध्ये मधेच कुठंतरी पडलंय, त्यामुळे असिस्टंटला ते सापडलंच नाही आणि त्यानं स्वतःचं नवीन लिहिलं, पायथनचा साधा राउंड वापरून. आता तो राउंड २.५ चे २ करतो न ३.५ चे ४, म्हणजे बरोबर अर्ध्यावर आलं की सम आकड्याकडे जातो, आणि मुनीमजी २.५ चे ३ च धरतात. वहीशी पट्टी जुळेना, दोन दिवस गेले शोधण्यात.

दुसरं यापेक्षा वाईट. फळं-भाजीपाल्याची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, २०१६ पासून खरेदीदाराकडून घ्यायची, शेतकऱ्याकडून नाही. एका नवीन रिपोर्टमध्ये असिस्टंटनं ती शेतकऱ्याच्या कपातीत टाकली. हा नियम आमच्या कोडमध्ये कुठंच लिहिलेला नाही, आम्हा दोघांच्या डोक्यात आहे, मग त्याला कळणार कसं? रिव्ह्यूमध्ये सापडलं म्हणून बरं, नाहीतर काटोल-वरूडकडून रात्रभर टेम्पोत बसून आलेल्या माणसाचे पैसे कापले गेले असते, हे मला सहन होत नाही.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. प्रोजेक्टच्या रूटला एजंट्स डॉट एमडी, म्हणजे असिस्टंटसाठी सूचनांची फाइल टाकली, सगळं कोंबत कोंबत ६०० ओळींची झाली, तर उलट तो निम्म्या गोष्टी विसरायला लागला. मग कापून ७० ओळींवर आणली, सर्व्हर न टेस्ट चालवायच्या कमांड, पैशांसाठी फ्लोट नाही, दशांश अचूक धरणारा डेसिमलच, बस. फरक पडला. फोल्डरनुसार वेगळी फाइल ठेवता येते न जवळची असेल ती आधी धरली जाते, तर हिशोबाचे नियम बिलिंगच्या फोल्डरमध्येच ठेवावे का फंक्शनच्या डॉकस्ट्रिंगमध्ये (फंक्शनच्या आतच दिलेल्या टिपेत) लिहावे? दोन्हीकडे लिहिले तर एक जागा जुनी राहून जाईल अशी भीती वाटते.

आणि ती ४२०० ओळींची फाइल आधी तोडू का आधी टेस्ट लिहू? माझ्या मनात असं आहे की मुनीमजींनी तपासलेल्या ४०-५० जुन्या पट्ट्या घ्यायच्या, नावं काढून, न त्यांच्याच टेस्ट करायच्या, पैसा इकडचा तिकडे झाला की टेस्ट लाल, म्हणजे नापास. मग अडत, हमाली, तोलाई वेगवेगळ्या फाइलींत, न 'आर२' ला माणसासारखं नाव. हा क्रम बरोबर आहे का?

शिवाय रिअ‍ॅक्टचा रेपो (कोड ठेवायची जागा) वेगळा आहे, इकडं एपीआयचं, म्हणजे सर्व्हर न स्क्रीनमधल्या दुव्याचं, फील्ड बदललं की तिकडचं असिस्टंटला माहीतच नसतं. दोन्ही एका रेपोत आणून कोणाला फायदा झाला का?

जुन्या, चालू कोडवर हे ज्यांनी केलंय त्यांनी जरूर सांगा न, आंबिया बहराच्या संत्र्याची आवक सुरू व्हायच्या आत निदान पट्टीचा भाग तरी नीट करायचा आहे.