दोनदा नकार आलाय, तिसऱ्यांदा शिष्यवृत्तीचा अर्ज करताना मन कसं तयार करायचं?

वहीचं_पान

नमस्कार. मी श्रवणदोष असलेल्या मुलांना गणित शिकवते, सहा वर्षं झाली. परदेशात विशेष शिक्षणात मास्टर्स करायचंय. स्वतःच्या पैशांनी ते जमणारं नाही, त्यामुळे शिष्यवृत्तीशिवाय दुसरा मार्ग नाही. गेली दोन वर्षं दोन वेगवेगळ्या ठिकाणी अर्ज केले आणि दोन्हीकडून नकार आला. कारण कुणीच सांगितलं नाही, फक्त चार ओळींची ईमेल.

यंदा चेव्हनिंग आणि कॉमनवेल्थ, ब्रिटनच्या या दोन्ही शिष्यवृत्त्यांना अर्ज करायचं ठरवलंय. कागदपत्रं, गुणपत्रिका, इंग्रजीची परीक्षा हे सगळं मला माहीत आहे, त्याबद्दल विचारत नाहीये. अडचण वेगळीच आहे. फॉर्म उघडला की हात थांबतो. 'तुमच्या नेतृत्वाचं उदाहरण द्या' हे वाचलं की वाटतं, मी कसली नेता, मी वर्गात शिकवते. मग मी आधी निवड झालेल्यांचे प्रोफाइल उघडते. कुणी संस्था काढलेली असते, कुणी धोरण ठरवणाऱ्या समितीवर असतं. मग लिहायला बसते ती त्यांच्यासारखं. दुसऱ्या दिवशी वाचलं की ते माझं वाटतच नाही. आणि जे खरं आहे ते लिहिलं की कुणापुढे हात पसरल्यासारखं वाटतं.

फुशारकी आणि याचना यांच्या मधली जागा तुम्हाला कशी सापडली? ज्यांना मिळाली त्यांनी लिहा आणि ज्यांना नाही मिळाली त्यांनीही लिहा. मला दोन्ही ऐकायचंय.

पुढचं_स्टेशन

एकच सांगतो. ते प्रोफाइल बघणं आजपासून बंद करा. ते निवड झाल्यावर लिहिलेले असतात, बरेचदा शिकून परत आल्यावर. त्या माणसाने अर्ज भरताना काय लिहिलं होतं ते तुम्हाला दिसत नाही. तुम्ही तुमच्या आजची तुलना त्याच्या तीन वर्षांनंतरच्या दिवसाशी करताय.

विहिरीचा_काठ

ताई, 'हात पसरल्यासारखं' हे वाचून थांबले, कारण माझा पहिला अर्ज अगदी तसाच होता. जरा सविस्तर लिहिते.

मी भूजलाचं काम करते. म्हणजे विहिरीत पाणी किती खोल आहे ते मोजायचं, तारीख घालून लिहायचं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच विहिरीवर जायचं. स्टीलच्या टेपच्या खालच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची आणि वर ओढली की खडू जिथपर्यंत ओला झालाय ती रेघ वाचायची. चौदा विहिरी, तीन वर्षं. आणि पहिल्या अर्जाच्या निबंधात यातलं काय होतं? सुरुवातीचं वाक्य होतं 'हवामानबदल हे मानवजातीपुढचं सर्वांत मोठं आव्हान आहे.' विहिरी शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, 'क्षेत्रीय कामाचा अनुभव' एवढ्या तीन शब्दांत. खडू आणि टेप लिहिलं तर फार किरकोळ वाटेल अशी मला भीती होती. बाकीचा निबंध मला ही संधी किती हवी आहे याबद्दल. नकार आला.

दुसऱ्या वर्षी दुसऱ्या टोकाला गेले. उसनं अवसान आणून लिहिलं. 'मी प्रकल्पाचं नेतृत्व केलं', 'मी समाजात परिवर्तन घडवलं'. मुलाखतीला बोलावलं. तिथे एका बाईंनी अगदी शांतपणे विचारलं, 'परिवर्तन म्हणजे आधी काय होतं आणि नंतर काय झालं?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी वाईट वाटेल असं काहीच विचारलं नव्हतं. मी लिहिलेला शब्दच त्यांनी माझ्यासमोर ठेवला होता. तिथेही नकार.

तिसऱ्या वर्षी शिफारसपत्र मागायला माझ्या वरिष्ठांकडे गेले. ते म्हणाले, 'देतो. पण तिथे जाऊन नेमकं काय शिकायचंय जे इथे बसून येणार नाही?' मी म्हटलं, 'प्रगत ज्ञान.' ते म्हणाले, 'हे उत्तर झालं नाही. सोमवारी ये.'

शनिवार-रविवार मी नोंदवही घेऊन बसले. सात आणि अकरा नंबरच्या विहिरींमध्ये जेमतेम चारशे मीटरचं अंतर. सातमधलं पाणी पाऊस संपला की भराभर खाली जायचं, अकरामधलं महिनोन्‌महिने टिकायचं. तीन वर्षांचे आकडे माझ्याच अक्षरात समोर होते आणि असं का होतं हे मला सांगता येत नव्हतं. आलेख काढता येत होता. पण त्यात उपशाचा वाटा किती, खालच्या खडकाचा किती, पावसाचा किती हे वेगळं काढता येत नव्हतं. त्यासाठी भूजलाचं मॉडेल उभं करावं लागतं आणि ते मला येत नव्हतं. 'मला हे येत नाही' हे वाक्य मी पहिल्यांदा कागदावर लिहिलं. निबंध तिथून सुरू झाला.

तोवर मला वाटत होतं की मी सगळ्या बाजूंनी परिपूर्ण आहे हे अर्जात सिद्ध करायचं असतं. त्यामुळे जे येत नाही ते झाकण्यात सगळी ताकद जायची. पण अहो, ते जे येत नाही त्यासाठीच तर शिकायला जायचंय! तीच जागा झाकली तर वाचणाऱ्याने पैसे कशासाठी द्यायचे?

त्या वर्षी इरॅस्मस मुंडुस, म्हणजे युरोपीय संघाची शिष्यवृत्ती, मिळाली. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि महिन्याला १४०० युरो. मुलाखतीत स्क्रीनवर तिघं होते. पहिलाच प्रश्न आला, 'तुमच्या नोंदींमध्ये चूक किती असेल?' आदल्या वर्षी असता तर घाम फुटला असता. मी सांगितलं की टेपवर अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत वाचता येतं, पण खरी चूक तिथे नाही. काही वेळा मी पोचायच्या आधी नुकताच पंप चाललेला असायचा आणि पाणी अजून वर यायचं असायचं. अशा नोंदींपुढे मी वहीत फुली मारलेली आहे, आलेखात त्या धरल्या नाहीत. मग पुढची दहा मिनिटं आम्ही त्या फुल्यांबद्दलच बोललो. मी परीक्षा देतेय हे विसरूनच गेले होते.

तुमच्या प्रश्नाकडे येते. फुशारकी आणि याचना वरून उलट दिसतात, पण दोन्हीत आपण 'मी कशी आहे' हेच सांगत असतो. मी फार मोठी किंवा मी फार गरजू. मला मधली जागा शोधावीच लागली नाही. विहिरींबद्दल लिहायला लागले आणि दोन्ही सूर आपोआप गेले.

तुम्हाला एकच विचारते. वर्गात असं काय आहे जे तुम्ही करता, ज्याचा उपयोग होतोय असं वाटतं, पण का होतोय किंवा खरंच होतोय का हे तुम्हाला सांगता येत नाही?

शाईचा_डाग

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. स्वतः शिष्यवृत्तीवर शिकलो आणि नंतर माजी विद्यार्थी म्हणून दोन वर्षं अर्ज वाचायला मदत केली. कुठली शिष्यवृत्ती ते सांगत नाही.

वाचणाऱ्यासमोर निकषांचा तक्ता असतो आणि प्रत्येक उत्तराला त्या-त्या निकषावर गुण द्यायचे असतात. तुमच्या आयुष्याला कुणी गुण देत नाही. संपर्कजाळ्याबद्दल विचारलंय आणि उमेदवाराने नेतृत्वाचीच गोष्ट पुन्हा लिहिली, तर ती कितीही चांगली असली तरी त्या रकान्यात मला काही देता यायचं नाही. फार वाईट वाटायचं, कारण माणूस हुशार आहे हे दिसत असायचं.

दुसरं म्हणजे ही शिष्यवृत्ती कुणी आणि कशासाठी काढली हे मनात पक्कं असू द्या. तुम्ही म्हणता त्या दोन्ही ब्रिटनच्याच, पण स्वभाव वेगळे. चेव्हनिंग १९८३ पासूनची, परराष्ट्र खात्याच्या पैशाने चालते. त्यांना पुढे आपल्या देशात निर्णयाच्या जागी पोचतील आणि नाती जपतील अशी माणसं हवी असतात. म्हणून २८०० तासांच्या कामाच्या अनुभवाची अट, म्हणून शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी परतायची अट, म्हणून नेतृत्वाचा प्रश्न. कॉमनवेल्थ १९५९ ची. तिथे तुमच्या शिक्षणाचा विकासाच्या कामाला काय उपयोग होईल यावर भर असतो. एकच निबंध दोन्हीकडे डकवला की वाचणाऱ्याला दुसऱ्याच परिच्छेदात कळतं.

'नेता' या शब्दाला घाबरू नका. पद विचारलेलं नाही. तुमच्यामुळे दुसऱ्या कुणी आपली काम करायची पद्धत बदलली का, एवढं शोधा. तुम्हाला अधिकार नसताना बदलली असेल तर जास्तच चांगलं.

आणि नकाराबद्दल. केंब्रिज विद्यापीठात शिकण्यासाठीची गेट्स केंब्रिज शिष्यवृत्ती घ्या. जगभरातून अर्ज येतात आणि वर्षाला साधारण ८० जणांना मिळते. रेघ कुठेतरी ओढावीच लागते. रेघेच्या अगदी खाली राहिलेले अर्ज मी माझ्या हाताने बाजूला ठेवले आहेत. त्यातले दोन मला अजून आठवतात.

तिसरा_प्रहर

मला नाही मिळाली. तीन वर्षांत चार अर्ज. तुम्ही आमच्यासारख्यांनाही विचारलंत म्हणून लिहितोय.

'नकारातून शिका' असं सगळे सांगतात. कारणच दिलेलं नसेल तर शिकायचं कशातून? मी दुसऱ्या नकारानंतर सहा महिने त्या चार ओळींच्या ईमेलचा अर्थ लावत बसलो होतो. त्यात अर्थ नव्हताच. तो वेळ वाया गेला, ते महिने परत आले असते तर बरं झालं असतं असं अजून वाटतं. ओळखीच्या कुणाला तरी निबंध वाचायला देऊन त्याच्याकडून शिका, ईमेलकडून नाही.

माझी मोठी चूक वेगळीच होती. 'पुढच्या वर्षी जायचंच आहे' म्हणून मी इथलं सगळं थांबवलं. एक चांगली जबाबदारी मिळत होती, नको म्हणालो. घर बदलायचं होतं, बदललं नाही. तीन वर्षं बॅग भरून दारात बसल्यासारखी गेली. चौथ्या नकारानंतर एका प्राध्यापकांना थेट लिहिलं, त्यांच्या प्रकल्पात पगारी पीएचडीची जागा होती, ती मिळाली. आता तिथेच आहे. म्हणजे परदेशी शिकायला येणं झालं, पण ज्या दाराकडे डोळे लावून बसलो होतो त्या दाराने नाही.

तेव्हा किती वेळा अर्ज करायचा हे आधीच ठरवा आणि घरच्या एका माणसाला सांगून ठेवा. ऐन निकालाच्या दिवशी हा निर्णय घेऊ नका.

वहीचं_पान

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस विचार करत होते.

विहिरीचा_काठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक सापडलंय. आमच्या मुलांना अपूर्णांक शिकवताना 'छेद' या शब्दासाठी खूणच नव्हती. मी एकेक अक्षर बोटांनी दाखवायचे आणि तोवर मुलांचं लक्ष उडालेलं असायचं. चार वर्षांपूर्वी एका मुलीने डावा तळवा आडवा धरला आणि उजव्या हाताची बोटं त्याच्या खाली आणून दोनदा टेकवली. रेघेच्या खालचा. वर्गाने ती खूण लगेच उचलली. मग आम्ही बसून 'अंश', 'समान', 'बाकी' अशा खुणा ठरवत गेलो. आता बत्तीस आहेत, एका वहीत चित्रं काढून ठेवल्यात. शेजारच्या दोन वर्गांतल्या शिक्षकांनी ती वही मागून नेली आणि तेही त्याच खुणा वापरतात. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पण यामुळे मुलांना गणित जास्त समजतं का, की नुसता वर्ग पटपट पुढे जातो, हे मला माहीत नाही. ते तपासायचं कसं हेही माहीत नाही. आणि हे दोन्ही अर्जांत कुठेच नव्हतं. मी 'सर्वसमावेशक शिक्षणाची तळमळ' असं लिहिलं होतं.

हे लिहिलं तर वाचणारे म्हणणार नाहीत ना, की हिला स्वतःच्याच कामाची खात्री नाही?

विहिरीचा_काठ

अहो ताई, वाचताना अंगावर काटा आला.

म्हणतील त्यांना म्हणू देत, पण मला नाही वाटत कुणी म्हणेल. चार वर्षं एक गोष्ट करून, ती दुसऱ्यांनी उचलल्यावरही 'ती खरंच चालते का हे मला तपासायचंय' म्हणणारी शिक्षिका आहे ही. आणि शाईचा_डाग म्हणतात ते नेतृत्वाचं उदाहरण त्या मागून नेलेल्या वहीतच आहे. दोन शिक्षकांनी आपल्या वर्गातली पद्धत बदलली, तुम्ही त्यांच्या वरिष्ठ नसताना.

तो आडवा तळवा पहिल्या परिच्छेदात घ्या, अगदी जसा इथे लिहिलाय तसा. 'तळमळ' काढून टाका. आणि अभ्यासक्रम निवडताना मूल्यमापनाच्या पद्धती, संशोधन पद्धती शिकवणारे विषय कुठे आहेत ते नावानिशी बघा, म्हणजे 'हे येत नाही' याच्यापुढे 'ते इथे शिकेन' हे लिहिता येईल.

पहिला मसुदा झाला की मला मेसेजमध्ये पाठवा. इंग्रजी नीट नसलं तरी चालेल, ते नंतर बघू. मी रविवारी सकाळी मोकळी असते.

वहीचं_पान

पाठवते. आज ती बत्तीस खुणांची वही परत मागून आणली, तारखा बघायला. त्यात शेजारच्या वर्गातल्या मुलांनी आणखी पाच वाढवल्यात.