मदत हवी आहे: १४२८५७ चे अंक गोल का फिरतात?

नमस्कार मंडळी. आम्ही देवगडचे. यंदा मे महिन्यात सामाईक कलमांची बाग दहा लाखांना विकली. सातबाऱ्यावर सात हिस्सेदार, म्हणून प्रत्येकी १,४२,८५७ रुपये आले आणि एक रुपया उरला. तो सासूबाईंनी देवापुढे ठेवला.

पडवीत बसून माझा सातवीतला मुलगा कोणाला किती ते वहीत मांडत होता. मुंबईच्या काकांकडे दोन हिस्से, त्यांचे २,८५,७१४. आत्यांचे तिघींचे मिळून ४,२८,५७१. तो ओरडलाच, "आये, आकडे तेच आसत!" मला वाटलं गुणाकार चुकला. पुढेही करून पाहिलं: ५७१४२८, ७१४२८५, ८५७१४२. सातपट केली की ९९९९९९, म्हणजे देवापुढचा तो रुपया घातल्यावरच दहा लाख भरतात.

मग आम्ही दोघं या संख्येच्या मागेच लागलो. अंकांची बेरीज २७ आणि २७ ने तिला निःशेष भाग जातो, म्हणजे ती हर्षद संख्या. वर्ग येतो २०४०८१२२४४९. त्याचे शेवटचे सहा अंक तोडून २०४०८ + १२२४४९ केलं की पुन्हा १४२८५७! म्हणजे काप्रेकर संख्याही. हर्षद हे नावही द. रा. काप्रेकरांनीच दिलेलं. देवळालीला शाळेत शिकवणारे काप्रेकर १९०५ साली आपल्याच किनाऱ्यावर, डहाणूत जन्मले, हे ऐकून मुलाने वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव लिहिलं. परिपूर्ण संख्या मात्र ही नाही. अवयव ३×३×३×११×१३×३७, आणि स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज १,१२,५०३ एवढीच भरते.

अडलंय ते पुढे. तेरा हिस्सेदार असते तर प्रत्येकी ७६,९२३, आणि तेव्हाही एकच रुपया उरला असता. ०७६९२३ ची तिप्पट २३०७६९, अंक सरकले. पण दुप्पट १५३८४६, अंकच बदलले. सातला जमतं ते तेराला का जमत नाही? सातवीतल्या मुलाला कळेल असं कोणी सांगेल का? शाळा उघडेपर्यंत त्याला धीर नाही.

प्रतिसाद:
ताई, उत्तर बाकीत आहे. त्याला १ भागिले ७ सविस्तर मांडू द्या आणि प्रत्येक पायरीची बाकी बाजूला लिहू द्या. १, ३, २, ६, ४, ५ आणि परत १. सातने भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या उरू शकतात, त्या सगळ्या एकाच फेरीत येतात. २ भागिले ७ म्हणजे त्याच फेरीत २ पासून शिरणं. अंक तेच, सुरुवात वेगळी.

तेराला अशा बाक्या बारा. १ ची फेरी १, १०, ९, १२, ३, ४ इथेच बंद होते. ३ तिच्यात आहे, म्हणून तिप्पट जमली. २ दुसऱ्या फेरीतला: २, ७, ५, ११, ६, ८.

सातनंतर पूर्ण फेरी थेट १७ ला मिळते, सोळा अंकांची: ०५८८२३५२९४११७६४७. सुरुवातीचं शून्य गाळू नका.

धागाकर्ती:
मनापासून आभार. तेराच्या दोन्ही फेऱ्या त्याने पडवीत खडूने दोन गोल काढून मांडल्या. आता १७ चा भागाकार चाललाय, नवव्या अंकावर आहे.